बेचाळीस जणांची एकच चूक

आमच्या नववी ब मधली बेचाळीसच्या बेचाळीस मुलं एकाच संध्याकाळी त्याच पाच गणितांत चुकली आणि चुकीची उत्तरंसुद्धा सगळ्यांची तीच आली. असं सहसा कुठे होत नाही. आमच्याकडे झालं, कारण ती उत्तरं माझी होती.

मी गंधाली परब. हल्ली आमच्या मुलुंडच्या शाळेत मला सगळे ओळखतात, कारण सकाळच्या परिपाठात बातम्या मी वाचते. एकदा मध्येच माइक बंद पडला. मी तशीच वाचत राहिले, तर आमच्या शिपाई कमलमावशी तिसऱ्या मजल्यावरून खाली येऊन म्हणाल्या, "त्या माइकला कशाला वीज घालवता, ही आहे की." मागच्या वर्षीपर्यंत मात्र मी 'हजर' म्हणायचे ते शेजारी बसणाऱ्या शीतललाही ऐकू जायचं नाही. तीच माझा हात धरून वर करायची.

हा फरक तावडे सरांनी पाडला. राजाराम तावडे सर अठ्ठावीस वर्षं बीजगणित शिकवतायत. रोज बेचाळीस वह्या पिशवीत भरून घरी नेतात आणि रोज बेचाळीस वह्यांत शेरे मारून परत आणतात. नुसतं 'बरोबर' किंवा 'चूक' असं कधीच नाही. प्रबुद्धच्या वहीत लिहिलं होतं, 'तुझं अक्षर वाचण्यासाठी मी चष्मा बदलला, आता तू पेन बदल.' शीतलच्या वहीत, 'उत्तर बरोबर. ते कुठून आलं हे कळलं तर आनंद होईल.' मधल्या सुट्टीत आम्ही हे शेरे एकमेकांना मोठ्यानं वाचून दाखवतो आणि ज्याच्या वहीत शेरा नसेल त्याला आपलं काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. माझ्या वहीत गेल्या वर्षी लिहून आलं, 'परब, तू सगळ्या शंका फक्त वहीला विचारतेस. माणसांनाही आवाज ऐकू दे. सोमवारपासून बातम्या तू वाचायच्यास.' पहिल्या दिवशी मी तीन राज्यांच्या बातम्या एका श्वासात वाचल्या आणि कुठल्या राज्यात काय झालं ते कुणालाच कळलं नाही. सर म्हणाले, "छान. उद्या श्वास घे."

तर असे सर. आणि त्यांच्याच वर्गाची मी वाट लावली.

झालं असं की यंदा जूनमध्ये एका संस्थेनं आमच्या शाळेला 'प्रगतीपट' नावाचं अॅप दिलं. सोबत निधी दीदी दिल्या. वय चोवीस, पाठीवर लॅपटॉपची बॅग, बोलताना समोरच्याचं नाव दर वाक्यात घेण्याची सवय. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, मला मॅडम म्हणू नका, दीदी म्हणा. आम्ही लगेच म्हणायला लागलो. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका दर्शना बाई, त्यांना अजून मॅडमच म्हणतात आणि कमलमावशी 'ए बाय' म्हणतात.

दीदींनी आम्हाला नीट समजावून सांगितलं. घरी फोनवर स्वाध्याय सोडवायचे. कुठल्या प्रश्नाला किती वेळ लागला, कुठे अडकलो, काय चुकलं, सगळं अॅप टिपून ठेवतं आणि शिक्षकांना दाखवतं, म्हणजे कुणाला कसली मदत हवी ते त्यांना कळतं. पडद्यावर प्रत्येक मूल म्हणजे एक ठिपका. हिरवा, पिवळा किंवा लाल. "लाल म्हणजे नापास नाही, फक्त मदत हवी," असं त्यांनी तीनदा सांगितलं. पण घरी मेसेज गेला तो असा, 'आपल्या पाल्यास तातडीच्या मदतीची गरज आहे.' प्रबुद्धच्या आईनं तो वाचला आणि त्यांच्या मजल्यावरचे चार लोक रिक्षा घेऊन शाळेच्या दारात हजर. प्रबुद्ध आत डबा खात होता.

तावडे सरांनी अॅपकडे एकदाच बघितलं. "आधी वहीत करा," ते म्हणाले. "बोटानं सरकवून गणित सुटत नसतं." मग आम्ही वहीत करायचो, आणि एकदा वहीत केलं की तेच पुन्हा फोनवर कोण करणार. त्यामुळे नववी अ हिरवीगार आणि आमचा वर्ग लालभडक. दीदींच्या पडद्यावर शिक्षकांचंही एक पान होतं. त्यात सरांच्या नावापुढे लिहिलं होतं, 'परिणामकारकता: एकतीस टक्के.'

हे मला कसं कळलं, तर मी तेव्हा वर्गमंत्री होते, आणि गुरुवारी हजेरीपट द्यायला मी ऑफिसात गेले होते. कान देऊन ऐकलं नाही. ऑफिसच्या दारावरचा पडदा पातळ आहे आणि मोठ्या बाईंचा आवाज जाड आहे.

"तावडे सर, संस्थेला आकडे लागतात," बाई म्हणत होत्या. "शनिवारी आढावा आहे. नववी ब असाच लाल राहिला तर दिवाळीनंतर बीजगणित पडद्यावरच्या पाठांतून होईल. तुम्ही पाचवीचं सुलेखन घ्या आणि ग्रंथालय बघा."

सर म्हणाले, "सुलेखन चांगला विषय आहे."

एवढंच. भांडलेही नाहीत. मी हजेरीपट तसाच हातात घेऊन जिन्यात आले. तिथे शीतल आणि प्रबुद्ध माझी वाट बघत होते.

"सर पाचवीला जाणार," मी सांगितलं. "आपल्यामुळे. आपण लाल आहोत म्हणून."

"मग हिरवे होऊ," प्रबुद्ध म्हणाला. "शुक्रवारचा स्वाध्याय आहेच ना. वीस प्रश्न. सगळ्यांनी सोडवला की झालं."

"सगळ्यांना येतो कुठे?" शीतलनं विचारलं.

यावर दोघांनी माझ्याकडे बघितलं. कारण घटक चाचणीत मला वीसपैकी सतरा होते. खरं सांगते, त्या क्षणी मला फार झकास वाटलं. एक वर्षापूर्वी जिचा आवाज ऐकू येत नव्हता, तिच्यावर आता अख्ख्या वर्गाची आणि एका शिक्षकाची जबाबदारी. मी म्हटलं, "उत्तरं मी टाकते."

आमचा एक ग्रुप आहे, 'नववी ब (सर सोडून)'. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता मी वीसही गणितं सोडवली आणि उत्तरं ग्रुपवर टाकली. सोबत सूचना दिल्या, कारण मी काही कच्ची नाही. एकदम सगळ्यांनी बसायचं नाही. हजेरी क्रमांक एक ते दहा यांनी सहा वाजता, पुढच्या दहांनी सव्वासहाला, असं करत. प्रत्येकानं वेगवेगळा वेळ घ्यायचा. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांनी शेजारच्याकडे बसून आपापल्या नावानं करायचं. आणि मध्ये कुठेतरी विचार केल्यासारखं थांबायचं.

'कुठे थांबायचं?' असं लगेच चौदा जणांनी विचारलं.

मी वैतागून लिहिलं, 'सातव्याला थांबा. पाणी पिऊन या.'

साडेपाचला शीतलचा वेगळा मेसेज आला. 'गंधाली, अकरावं मला सहा येतंय.'

'माझं एक येतंय.'

'मी दोनदा केलं.'

'तुला चाचणीत किती होते?'

'चौदा.'

'मग.'

तिनंही 'एक' टाकलं.

शनिवारी सकाळी शाळेत दीदींनी पडदा उघडला आणि नववी बचे बेचाळीस ठिपके हिरवे. एकही पिवळा नाही. मुलं बाकांवर चढायची बाकी होती. प्रबुद्ध माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "गंधाली, तू बादशाह आहेस यार." तावडे सर दारातून आत आले, पडद्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि "पान चव्वेचाळीस" म्हणाले.

दुपारी वह्या ठेवायला शिक्षकांच्या खोलीत गेले तर तिथे दीदी एकट्याच लॅपटॉपसमोर बसल्या होत्या. चेहरा अगदी पडलेला.

"गंधाली, एक विचारू? कालचा स्वाध्याय तुम्ही कसा सोडवलात, गंधाली?"

मला वाटलं, आता सरांचं नाव काढायची वेळ आली. माझा परिपाठाचा आवाज लावून मी म्हणाले, "सरांनी शिकवल्याप्रमाणेच दीदी. अगदी पायरी न् पायरी. आम्ही सगळे सरांच्याच पद्धतीनं सोडवतो."

दीदींनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. मग लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. "बघ. पंधरा प्रश्न सगळ्यांचे बरोबर. पाच प्रश्न सगळ्यांचे चूक. अकराव्याचं उत्तर सहा आहे आणि बेचाळीस जणांनी एक लिहिलंय."

"एक?" मी विचारलं.

"मला आधी वाटलं कॉपी. पण कॉपी असती तर वेळा सारख्या आल्या असत्या. इथे प्रत्येकाची वेळ वेगळी. आणि हे बघ, सातव्या प्रश्नाला सगळे दोन-दोन मिनिटं थांबलेत. अॅपनं त्याला 'सखोल विचार' म्हटलंय. इतका विचार करणारी मुलं कॉपी कशाला करतील?" त्यांनी श्वास सोडला. "म्हणजे एकच गोष्ट उरते. सरच ते चुकीचं शिकवतायत. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटतंय, पण सोमवारी मला हे मोठ्या बाईंना दाखवावंच लागेल."

इथे मी सांगायला हवं होतं. तिसऱ्या मजल्यापर्यंत जाणारा आवाज होता ना माझा. पण तो कुठे गेला कळेना. मी फक्त "हो दीदी" म्हणाले आणि तेही त्यांना ऐकू गेलं नसावं, कारण त्यांनी "काय?" असं विचारलं आणि मी पळाले.

रात्री जेवायला बसलो. माझे बाबा साकीनाक्याला एका गाळ्यात कामाला आहेत. तिथे बाटल्यांची प्लास्टिकची बुचं बनतात. घरात आम्ही मालवणी बोलतो आणि बाबा कामावरचं सगळं जेवताना सांगतात.

"आज तीन हजार बुचां फेकूक लागली," ते म्हणाले. "सगळ्यांका एकाच जाग्यार चीर. नवो पोरगो बुचां तपासीत बसलो, एक एक करून. मी म्हटलंय, अरे, सगळ्या पीसांत एकच खोट इली तर दोष पीसांचो नसता, डायचो असता. मशीन बंद कर आणि साचो भायर काढ."

माझा घास हातातच राहिला.

"काय झाला गो चेडवा?" बाबांनी विचारलं. "जेव मा."

"बाबा, साच्यात खोट असली तर साच्याचं काय करतात?"

"घासतत. नायतर भंगारात."

मला मासळीची आमटी पहिल्यांदाच गोड लागली नाही.

रविवारी सकाळी मी शीतलकडे गेले. ती आईबरोबर विहारातून वंदना करून नुकतीच आली होती, पांढरा कुर्ता अजून अंगावर होता. मी सगळं सांगितलं. तिनं मध्ये एकदाही 'मी म्हटलं होतं' असं म्हटलं नाही. मला वाटत होतं की तिनं म्हणावं, म्हणजे निदान भांडता आलं असतं.

"सांगून टाक," ती म्हणाली.

"सगळ्यांची नावं येतील."

"बेचाळीस नावं आहेत. एवढ्यांना शिक्षा करायला बाईंकडे वेळ नाही."

"आणि मला?"

"तुला होईल," शीतल म्हणाली. "पण सर पाचवीला जाणार नाहीत."

"सतरा मार्क होते गं मला."

"त्या पेपरात वजाचं एकच गणित होतं, आणि परवा चुकलेली पाचही वजाचीच आहेत. मी बघितलंय. मला चौदा होते म्हणून सगळा पेपर नीट बघावा लागला."

सोमवारी दुसऱ्या तासाला तावडे सरांना ऑफिसात बोलावणं आलं. मी पाणी पिण्याच्या निमित्तानं मागोमाग गेले. शीतल माझ्याबरोबर आली, तिलाही तहान लागली म्हणून. आम्ही पडद्याबाहेर उभ्या राहिलो.

आत दीदी सगळं समजावून सांगत होत्या. बेचाळीस मुलं, पाच प्रश्न, एकच चूक. मोठ्या बाई "अरेरे" म्हणाल्या. लॅपटॉप सरांकडे सरकवल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. सर वाचत असणार. सर काहीही वाचताना बोट फिरवतात, तेही सावकाश.

"अकरावं, एक," सर स्वतःशीच म्हणाले. "तेरावं, वजा चार. अच्छा." आणि मग जरा थांबून, "बरोबर आहे तुमचं. ही चूक माझीच आहे."

माझ्या मनगटाला शीतलनं चिमटा काढला. तोवर मी पडद्याच्या आत होते.

"सरांची नाहीये," मी म्हणाले. आवाज एवढा मोठा आला की बाईंच्या टेबलावरचा पेपरवेट हलला असं शीतल अजून सगळ्यांना सांगते. "माझी आहे. उत्तरं मी ग्रुपवर टाकली. वेळा मी वाटून दिल्या. सातव्याला सगळे पाणी प्यायला गेले होते. दीदी, तो सखोल विचार नव्हता."

दीदींचं तोंड उघडं राहिलं. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला, जणू मी त्याच्यावरचा डाग आहे.

"बेचाळीस जणांनी?" त्या म्हणाल्या. "एकानंही स्वतःच्या डोक्यानं केलं नाही?"

"हिनं केलं होतं," मी शीतलला पडद्यामागून ओढलं. "हिचं सहा आलं होतं. मी हिला 'एक' टाकायला लावलं."

"कशासाठी हे सगळं?" दीदींनी विचारलं.

"सर पाचवीला जाऊ नयेत म्हणून."

मग सर म्हणाले, "मला माहीत होतं परब. ही पाच उत्तरं बघितली तेव्हाच. हा संच जगात फक्त तुझ्या वहीत सापडतो."

"मग तुम्ही तुमची चूक का म्हणालात?"

"तुझ्या वहीत मी तीनदा दुरुस्त करून दिलं. तिन्ही वेळा तू तेच केलंस. म्हणजे मी दुरुस्त काय केलं?" ते माझ्याकडे वळले. "सांग. तीन एक्स वजा पाच बरोबर एक्स अधिक सात. पाचाचं तू काय केलंस?"

"पलीकडे नेला."

"आणि?"

"पलीकडे गेलं की वजा होतं. हा आधीच वजा होता, म्हणून तसाच ठेवला."

"पलीकडे गेलं की वजा होतं, असं कोण म्हणालं?"

"तुम्हीच, सर."

"मी म्हणालो, चिन्ह बदलतं."

"पण फळ्यावर दर वेळी अधिकचंच वजा व्हायचं," मी म्हणाले. हे मी कसं बोलले मला माहीत नाही. "मला वाटलं, तिकडे गेलं की सगळ्याचंच वजा होतं."

सर खुर्चीत मागे टेकले. दीदी मात्र एकदम सरसावून बसल्या. "सर, तुमच्याकडे वह्या आहेत ना? बेचाळीस? मला बघू द्याल? त्या अॅपमध्ये नाहीतच."

मग ऑफिसातच वह्यांची पिशवी उपडी झाली. दीदी एक-एक वही चाळायला लागल्या, मध्येच हसायला लागल्या, कारण शेरे वाचत होत्या, आणि मग पुन्हा गंभीर होऊन लॅपटॉपवर खुणा करायला लागल्या. आम्हाला कुणी जा म्हटलं नाही, म्हणून आम्ही वह्या उघडून देत राहिलो. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा दीदींनी पडदा फिरवला.

"सर, गंधालीसारखं करणारे एकूण सतरा आहेत. कधी एका गणितात, कधी दोन. प्रत्येकाच्या वहीत तुम्ही दुरुस्त केलंय, प्रत्येकाला वेगळा शेरा."

"सतरा?" सर म्हणाले. त्यांनी चष्मा वर करून पडदा अगदी जवळ घेतला. "मला एकेकाची माहीत होती. पण मी कधी बेरीज केली नाही." आणि मग जरा वेळानं, "गणिताचा मास्तर मी."

मोठ्या बाईंनी शिक्षा जाहीर केली. स्वाध्याय रद्द. दहा दिवसांनी तेच प्रकरण पुन्हा, कागदावर, वर्गात, फोन ऑफिसात जमा करून. त्याचे आकडे जे येतील ते संस्थेला जातील आणि सरांचं काय ते त्यावर ठरेल. मला वर्गमंत्री पदावरून काढलं. हजेरीपट आता प्रबुद्ध नेतो आणि दोनदा हरवून आलाय.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले ते लाकडी फूटपट्टी आणि एक खडूचा डबा घेऊन. डबा टेबलावर आडवा ठेवला, त्यावर पट्टी मधोमध तोलून ठेवली.

"आजपासून काहीही पलीकडे जाणार नाही," सर म्हणाले. "अठ्ठावीस वर्षं मी पाठवत होतो, ते सगळं परत बोलावलंय. कोणाकडे जेवणाचे सारखे डबे आहेत?"

पट्टीच्या एका बाजूला एक डबा, दुसऱ्या बाजूला एक डबा, आणि दोन्ही डब्यांवर एकेक खोडरबर. दीदी शेवटच्या बाकावर बसून लिहून घेत होत्या. एका बाजूनं खोडरबर उचललं की पट्टी कलायची. दोन्ही बाजूंनी उचललं की राहायची.

"एकीकडे वजा पाच आहे. तो नाहीसा करायला काय घालायचं?" सरांनी विचारलं.

शीतल म्हणाली, "अधिक पाच."

"कुठे?"

"दोन्हीकडे."

"का?"

शीतल विचारात पडली. मी हात वर केला, सरांनी बघितलं नाही. मग मी न विचारताच बोलले, "एकीकडेच घातला तर पट्टी पडेल म्हणून."

सर माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता शेरा येणार. पण ते फक्त म्हणाले, "हां." आणि लगेच प्रबुद्धनं पट्टीवर आपला डबा ठेवला, त्यात आईनं भरगच्च वांग्याची भाजी दिली होती, आणि पट्टी सरांच्या पायावर पडली.

दहा दिवसांनी पेपर झाला. संध्याकाळी दीदींनी उत्तरं अॅपमध्ये भरली आणि दुसऱ्या दिवशी पडदा उघडला. बेचाळीस हिरवे नव्हते. एकोणीस हिरवे, सोळा पिवळे, सात लाल. माझा पिवळा. वजाची पाचही गणितं बरोबर आली, दुसरीच सहा चुकली. सरांच्या नावापुढे लिहिलं होतं, 'परिणामकारकता: त्रेसष्ट टक्के.'

"त्रेसष्ट म्हणजे काय?" सरांनी विचारलं. "मी त्रेसष्ट टक्के शिकवलं का?"

"नाही सर," दीदी म्हणाल्या. "अजून सात जणांना मदत हवी."

"मग तसं लिहा ना." सर खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर बसले. "हे सात कोण, आणि कुठे अडकलेत, ते कसं बघायचं? हे वर कसं सरकवतात?"

दीदींनी दाखवलं. सरांनी एक बोट इतकं सावकाश ठेवलं की पडद्यानं ते बोटच नाही असं समजून काहीच केलं नाही. मग जोरात ठेवलं, तर सगळं पान उडून गेलं आणि सातवीचा भूगोल उघडला.

तेवढ्यात कमलमावशी सूचनावही घेऊन आल्या. मोठ्या बाईंची सही होती. सरांनी वाचलं, चष्मा कपाळावर चढवला, खाली सही केली आणि वही परत दिली. आम्ही बेचाळीस जण श्वास रोखून बसलो होतो आणि सर काही सांगायलाच तयार नाहीत. शेवटी मीच विचारलं, "सर, तुम्ही पाचवीला जाणार का?"

"नाही," सर भूगोलातून बाहेर पडायची वाट शोधत म्हणाले. "बाई म्हणतायत, वार्षिक परीक्षेपर्यंत इथेच. आणि दर सोमवारी हे यंत्र उघडायचं." मग त्यांनी मान वर केली. "ओरडू नका. सात जण थांबा, बाकीच्यांनी पान त्रेपन्न काढा. आणि परब, तू इकडे ये, हे मागे कसं न्यायचं ते मला शिकव. सावकाश सांग. मी लाल आहे."